श्वानभोजनमीमांसा, अर्थात जाडा देवदत्त आणि दीड पोळी

घरातल्या कुत्र्याला दिवसातून किती वेळा आणि कसं जेवायला घालावं, या प्रश्नाची मराठी ज्ञानव्यवहाराने घ्यावी तशी दखल घेतलेली नाही. लोणच्याची मोहरी किती फेसावी यावर आपल्याकडे घराणी आहेत. पानात चटणी कुठे आणि कोशिंबीर कुठे यावर जाणत्या बायका एकमेकींशी वर्षानुवर्षं अबोला धरू शकतात. कुत्र्याची थाळी मात्र मोरीशेजारी, दाराआड, शास्त्राच्या कक्षेबाहेर पडून राहिली. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

जुन्या रिवाजाप्रमाणे शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकाव्या लागतात. विषय: कुत्र्याचं जेवण. प्रयोजन: कुत्र्याची प्रकृती आणि घरातली शांतता, यातलं दुसरं अधिक दुर्लभ. संबंध: कुत्र्याचा पोळ्यांच्या डब्याशी असतो तोच. अधिकारी: ज्याच्या घरी कुत्रा आहे असा कोणीही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना या शास्त्राचा अधिकार नाही, कारण तिथे निर्णय मांजर घेतं.

प्रथम शब्दप्रमाण. कौटिल्याने हा प्रश्न अर्ध्या ओळीत मिटवला आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी कोठाराच्या अध्यक्षाची कामं सांगताना कोणाला किती शिधा द्यावा याची यादी येते. बैल, म्हशी, उंट, गाढवं असं करत करत ती कुत्र्यापाशी पोचते आणि म्हणते: कुत्र्याला एक प्रस्थ भात. हंस, क्रौंच आणि मोर यांना त्याच्या निम्मा. संपलं. दिवसातून एकदा की दोनदा, सकाळी की दिवेलागणीला, भातावर काही घालायचं की कोरडाच, याबद्दल कौटिल्य अवाक्षर काढत नाही. हेराने कोणकोणते वेश घ्यावेत हे ज्याने तपशिलाने लिहून ठेवलं, त्याने इथे हात आखडता घ्यावा याचं आश्चर्य वाटतं.

त्याच अध्यायात एका आर्य पुरुषाच्या एका जेवणाचं मापही आहे: एक प्रस्थ अखंड तांदूळ, पाव प्रस्थ वरण आणि वरणाच्या चौथाईइतकं तूप किंवा तेल. आता पेच असा की आर्याचे तांदूळ मोजलेत आणि कुत्र्याचा भात. शिजल्यावर भात तांदळाच्या साधारण तिप्पट होतो हे कुकर लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. म्हणजे प्रस्थभर शिजलेला भात असा अर्थ घेतला, तर कुत्र्याला आर्याच्या एक तृतीयांश मिळतं. प्रस्थभर तांदळाचा भात असा अर्थ घेतला, तर कुत्रा आणि आर्य एका पंगतीला येतात, फक्त वरण-तुपाचा काय तो फरक राहतो. पशुवैद्य पहिला अर्थ घेतात. घरातल्या आज्या दुसरा घेतात, आणि वरण-तुपाचा फरकही ठेवत नाहीत. या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती १९०५ साली आली आणि १९०९ मध्ये ती छापून निघाली. मधली कित्येक शतकं या देशातली कुत्री बिनमापाची जेवत होती, असंच मानावं लागेल.

याच चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिग्रंथात कुत्र्यापासून शिकण्याजोगे सहा गुण सांगितले आहेत. पहिला, मिळालं तर भरपूर खाणं. दुसरा, थोडक्यात समाधान मानणं. पहिल्या गुणाचा अनुभव घरोघरी येतो. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

शिक्षेची तरतूद पाहायची तर पारशी धर्मग्रंथांकडे वळावं लागतं. वेंदिदादचा तेरावा फर्गर्द, म्हणजे अध्याय, बराचसा कुत्र्यांनाच वाहिलेला आहे. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याला वाईट अन्न घालणं म्हणजे थोर घरच्या यजमानाच्या पानात वाईट अन्न वाढण्याइतकं पाप. त्याला २०० फटके. कुत्र्याचा दर्जा उतरेल तसे फटके उतरतात आणि पिल्लापर्यंत येता येता ५० वर थांबतात. शिवाय कुत्र्याला घालायचं योग्य अन्न कोणतं तेही स्पष्ट सांगितलं आहे: दूध आणि चरबी, मांसासहित. कौटिल्याचा भात आणि वेंदिदादचं मांस, हा या शास्त्रातला मूळ शाकाहारी-मांसाहारी वाद. तो आजही प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालू आहे. पारशांनी मात्र ग्रंथ नुसता कपाटात ठेवला नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, बाजार बंद पडला. कुत्र्यासाठी शहर बंद पाडणारा समाज त्याच्या जेवणाकडे दुर्लक्ष करील हे संभवत नाही.

मराठी माणसाला मात्र फटके आठवत नाहीत, नामदेव आठवतात. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत. या कथेतलं अध्यात्म कीर्तनकारांनी शेकडो वर्षं सांगितलं. आहारशास्त्राची बाजू कोणी पाहिलीच नाही. तूप किती होतं? कुत्र्याचं स्वादुपिंड एकाएकी आलेल्या जास्त स्निग्धाने सुजू शकतं, उलट्या होतात, कधी जिवावर बेततं. पंढरपूरचा तो कुत्रा ज्या वेगाने पळत होता तो पाहता, भाकरी मिळाल्यावर त्याला पुढचा धोका दिसला असावा असा तर्क करता येतो. नामदेवांच्या भक्तीला त्याने बाध येत नाही.

महाभारताचा दाखला इथे अपुरा पडतो. महाप्रस्थानाच्या वेळी पांडव उपास करून निघाले, आणि त्यांच्या मागे चालू लागलेल्या कुत्र्याने वाटेत काय खाल्लं हे व्यासांनी नोंदवलेलं नाही. तो शेवटी साक्षात धर्म निघाला म्हणून निभावलं. जातिवंत लॅब्रडोर असता तर पहिल्याच मुक्कामावरून परत फिरून त्याने हस्तिनापूरचा मुदपाकखाना गाठला असता.

आता मुख्य वाद: किती वेळा. व्रतवैकल्यांच्या भाषेत बोलायचं तर इथे तीन पंथ आहेत. पहिला एकभुक्त पंथ, म्हणजे दिवसातून एकदाच. दुसरा द्विभुक्त पंथ. तिसरा अखंडभुक्त पंथ. यात थाळी कायम भरलेली असते आणि कुत्रा आपल्या इच्छेनुसार जेवतो अशी समजूत असते. अयाचित व्रत, म्हणजे न मागता जे समोर येईल तेवढ्यावर राहणं, हे कुत्र्याच्या प्रकृतीला मानवत नाही.

अखंडभुक्त पंथाचं खंडन चटकन उरकता येतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भरलेल्या थाळीला पहिल्यांदा मुंग्या लागतात, मग वास येतो आणि मग घरात भांडण लागतं. शिवाय कुत्र्याची भूक कमी झाली तर ती कळायला मार्ग राहत नाही, आणि भूक मंदावणं हे बहुतेक दुखण्यांचं पहिलं लक्षण. इच्छेनुसार जेवणारा कुत्रा बहुतेक घरांत अखंड जेवतो.

एकभुक्त पंथाला मात्र अलीकडे बळ आलं आहे. अमेरिकेत हजारो पाळीव कुत्र्यांच्या म्हातारपणाचा मागोवा घेणारा एक मोठा प्रकल्प चालू आहे. त्यातून २०२२ मध्ये असं दिसलं की एकदाच जेवणाऱ्या प्रौढ कुत्र्यांच्या बुद्धीचे गुण सरासरीने बरे होते आणि दुखण्यांच्या तक्रारी कमी. हे ऐकून लगेच थाळी उचलून ठेवू नये. ती माहिती मालकांनी सांगितलेली आहे आणि नुसतं साहचर्य दाखवते. एकदा जेवल्यामुळे कुत्रा हुशार झाला, की आजारी कुत्र्याला औषधाबरोबर तीनतीनदा भरवावं लागल्यामुळे आकडे तसे दिसले, हे त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या बाजूला, छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांना, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड वगैरेंना, पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. तसं झालं की हाताशी काही तासच असतात. दिवसाचं सगळं अन्न एकाच बैठकीत आणि भराभर गिळणं हे या पिळामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून पशुवैद्यांचा सर्वसाधारण कौल द्विभुक्त पंथाला आहे: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, वेळा ठरलेल्या. पिल्लांना हा नियम लागू नाही. आईपासून सुटल्यावर चौथ्या महिन्यापर्यंत दिवसाला चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन, मग दोन. वाढदिवसाला केक नाही.

याच पिळाच्या भीतीमुळे आपल्या एका प्रिय आरोग्यनियमाला इथे अपवाद करावा लागतो. भोजनोत्तर शतपावली माणसाला हितकर; कुत्र्याने जेवून उठल्यावर तास-दोन तास स्वस्थ पडावं, धावपळ, चेंडू, जिने टाळावेत. फिरायला आधी न्यावं, जेवण मागाहून. कुत्र्याच्या बाबतीत वामकुक्षीचा पक्ष निर्विवाद जिंकतो, ही गोष्ट पुण्याच्या रहिवाशांना विशेष समाधान देईल.

काय घालावं, हा विषय खरं तर वेगळ्या ग्रंथाचा. तरी एका म्हणीचा इथे न्याय करणं भाग आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं आपण गैरकारभाराबद्दल म्हणतो. पण लांडग्याचा वंशज पीठ खातो आणि ते त्याला पचतं, ही त्यातली जीवशास्त्रीय गोम पूर्वजांनी टिपली होती. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने तिला दुजोरा दिला: स्वादुपिंडात पिष्ट पचवणारं द्रव्य बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. शेतकऱ्याच्या उंबऱ्यात पडलेलं खाऊनच तो घरचा झाला, असा त्याचा अर्थ लावतात. दळणारं आंधळं होतं की त्याने मुद्दाम डोळेझाक केली, यावर संशोधन गप्प आहे. डोळेझाकीचा पुरावा पुढे येईलच. तात्पर्य, भात-भाकरी कुत्र्याला चालते, पण नुसत्या भात-भाकरीवर त्याचं भागत नाही. अंडं, चिकन, मासळी असं काहीतरी हवं. बाजारी खाद्याची परंपराही पुरेशी जुनी आहे. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, तेव्हापासून पुडीवर माप छापलेलं असतं आणि मालक ते अंदाजाने वाढवतो.

निषिद्ध पदार्थांची गंमत अशी, की कुत्र्याला कांदा-लसूण वर्ज्य. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवूनही ती जात नाहीत. म्हणजे कांदेपोहे, झुणका, मटणाचा रस्सा, सगळं बाद. कुत्रा बाराही महिने चातुर्मास पाळतो, फक्त कोंबडीसकट. यावरून कोणी म्हणेल, मग नैवेद्याचं ताट द्यावं. त्यात कांदा-लसूण नसतोच. इथेच खरा खड्डा आहे. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कोणाला किती बाधेल याचा नेम नसतो. नाशिक-तासगावाकडच्या घरांनी हे दारावर लिहून ठेवावं. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्याला लवकर पचत नाही आणि हृदयावर जातं. ‘शुगरफ्री’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या-च्युइंगगमात झायलिटॉल असलं तर त्याची रक्तशर्करा झपकन उतरते. शिजलेलं हाड चावताना त्याच्या सुळक्यासारख्या कपच्या होतात, म्हणून रविवारची नळी माणसानेच चोखावी. दूध लहानपणी ठीक, पुढे अनेकांना पोटाला लागतं. दही त्या मानाने निभावतं. उरलं काय? कांदा-लसूण-बेदाण्यांवाचूनचं, तिखट-मीठ नसलेलं, बेतशीर तेलातलं साधं जेवण. असं जेवण घरात फक्त आजोबांना बायपासनंतर मिळालेलं असतं.

कसं घालावं, याबद्दल मराठी आतिथ्याला एक कटू गोष्ट ऐकून घ्यावी लागेल: आग्रह वाया जातो. आग्रहाला नकार लागतो. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, यजमान बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, हा खेळ दोघांचा. कुत्रा पानावर पंजा आडवा धरत नाही. त्याला ४२ दात आहेत, आपल्यापेक्षा दहा जास्त, पण जबडा आडवा फिरत नाही. तो फाडतो, मोडतो आणि गिळतो. जिभेवर रुचीच्या कळ्या सुमारे १,७००, आपल्या ९,००० च्या आसपास. म्हणजे सुगरणीच्या हातची चव त्याला आपल्या पाचव्या हिश्शाने कळते, पण वास मात्र खालच्या मजल्यावर काय शिजतंय तिथपर्यंतचा येतो. ‘आमच्याकडे त्याला माझ्याच हातचं लागतं’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे मनाला लावून घेऊ नयेत.

पावलोव्हचं नाव इथे टाळता येत नाही. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी. लाळ आणि संकेतांचे जगप्रसिद्ध प्रयोग त्याच वाटेवरचे. प्रयोगशाळेत कुत्र्याला लय मोजणारं यंत्र ऐकवावं लागे. भारतीय घरात यंत्राची गरज पडत नाही. पार्ले-जीच्या पुड्याच्या कागदाचा जो एक विशिष्ट चुरचुर आवाज असतो, तो बंद दार, टीव्ही आणि तिन्हीसांजेची आरती भेदून सोफ्याखाली झोपलेल्या कुत्र्यापर्यंत पोचतो. औषधाच्या पाकिटाचाही आवाज जवळपास तसाच असतो. पण त्या आवाजाला तो उठत नाही. हा सूक्ष्म भेद पावलोव्हना पडताळता आला नाही.

यानंतर बघण्याचं तंत्र. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी मारलं. ते आईकडे रडत गेलं आणि म्हणालं, मी काही केलं नाही, हवींकडे बघितलं नाही की ते चाटलं नाही. सरमेने जाऊन शाप दिला. बारकावा लक्षात घ्यावा: चाटण्याआधी बघण्याचा उल्लेख आहे. नुसतं बघणं हीसुद्धा एक कृती आहे आणि तिने परिणाम घडतो, हे त्या पिल्लाला ठाऊक होतं. २०१९ साली कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्यांचे स्नायू ताडून पाहिले गेले. भुवयांचा आतला कोपरा वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांत ठळक सापडला, लांडग्यांत त्याच्या जागी जेमतेम काही तंतू. डोळे मोठे, केविलवाणे दिसण्यापलीकडे या स्नायूचं काम काय हे समजत नाही. हजारो वर्षं माणसाने पोळीचा तुकडा देऊन तो स्नायू पोसला, असं दिसतं.

आता प्रत्यक्ष प्रमाण. कोथरूडला माझ्या थोरल्या बहिणीकडे बंडू नावाचा लॅब्रडोर आहे. वजन ३८ किलो. डॉक्टरांच्या मते ३० हवं. वरून पाहिलं तर कमर दिसावी आणि हात फिरवला तर बरगड्या हाताला लागाव्यात, ही निरोगी कुत्र्याची खूण. बंडू वरून पोळपाटासारखा दिसतो. त्याची रीतसर जेवणं दोनच: सकाळी आठ, संध्याकाळी सात, मापाच्या कपाने. घरात पाच माणसं. बहिणीच्या सासूबाई, म्हणजे घराच्या आजी, भाऊजी, ताई, भाचा, भाची. प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. प्रत्येकाचं उत्तर एकच: ‘मी नाही हो काही देत.’

मीमांसकांचा एक प्रसिद्ध देवदत्त आहे. तो जाडा आहे आणि दिवसा जेवत नाही. म्हणजे तो रात्री जेवत असणार. नाहीतर दोन्ही गोष्टींचा मेळ बसत नाही. या ज्ञानसाधनाला अर्थापत्ती म्हणतात. नैयायिक म्हणतात, हे काही स्वतंत्र प्रमाण नव्हे, साधं अनुमानच आहे. ज्यांच्या घरी लॅब्रडोर नाही त्यांचं असं मत होणं शक्य आहे.

निरीक्षणाअंती देवदत्ताची रात्र उलगडली. पहाटे दुधाची पिशवी फोडताना आजी सायीचा एक गोळा खाली ‘पाडतात’. भाऊजी चहात मारी बुडवतात. अर्धी तुटून कपात पडते, उरलेली अर्धी ‘आता काय करायची’. तव्यावर जी पोळी फुगत नाही ती ताईच्या लेखी पोळी नसतेच, त्यामुळे ती दिल्याची नोंद होत नाही. भाचा डबा अर्धा परत आणतो आणि तो संपवल्याचं आईला दिसावं म्हणून बंडूचं सहकार्य घेतो. भाची रात्री अभ्यासाला बसली की चीजची एक चकती घेते, म्हणजे दोन घेते. एकादशीला आजींचा उपास. साबुदाण्याची खिचडी होते, वऱ्याचे तांदूळ होतात, आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण बंडूलाच शब्दशः लागू पडते. खोटं कोणीच बोलत नव्हतं. ‘देणे’ या क्रियापदात जो हेतू लागतो, तो कोणाच्याच मनात नव्हता.

बंडूच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रडोरच्या पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही, आणि कुत्रा खरोखरच सदा भुकेला राहतो. म्हणजे त्याचं बघणं नाटक नसेलही. उलट दिशेला आपल्या सोलापूर-सांगलीकडचे कारवानी आणि शेजारच्या मुधोळचे शिकारी कुत्रे. भाकर-दुधावर वाढलेले, मुळातच सडपातळ. त्यांच्या बरगड्या दिसतात आणि दिसायलाच हव्यात. अशा कुत्र्याच्या मालकाला पाहुणे ‘उपाशी मारता की काय’ म्हणतात. बंडूच्या मालकांना कोणी काही म्हणत नाही, उलट ‘छान बाळसं धरलंय’ म्हणतात.

मग गणित मांडलं. किलोमधल्या वजनाचा पाऊण घात काढावा, त्याला ७० ने गुणावं. हा विश्रांतीचा उष्मांक. खच्चीकरण झालेल्या घरगुती प्रौढ कुत्र्यासाठी त्याला आणखी १.६ ने गुणावं. ३० किलोला विश्रांतीचे सुमारे ९००, दिवसाचे १,४०० च्या थोडे वर. वजन उतरवायचं असेल तर त्याहूनही कमी. आणि वरखाऊ, म्हणजे रीतसर जेवणाबाहेरचं सगळं मिळून, एकंदरीच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. १० टक्के म्हणजे १४० उष्मांक. तेल लावलेल्या मध्यम पोळीत शंभराच्या आसपास उष्मांक धरले, तर हिशेब दीड पोळी निघाला. संपूर्ण कुटुंबाला, संपूर्ण दिवसासाठी, दीड पोळीचं प्रेम.

आजींना हा आकडा मान्य नव्हता. त्यांना ४८ लॅब्रडोरांवर झालेला अमेरिकन प्रयोग सांगितला. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा चौथाईने कमी अन्न आयुष्यभर दिलं. कमी जेवणारे मध्यमानाने १३ वर्षं जगले, बाकीचे ११.२, निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या घरात म्हातारं माणूस कोण होतं?’ प्रयोगाच्या रचनेतला हा दोष कोणाच्या लक्षात आलेला नसावा.

शेवटी दीड पोळीची पाच समान भागांत वाटणी झाली. माणशी पाव पोळीहून किंचित जास्त. फ्रिजवर फळा लावला, दिलं की खूण करायची. दाराबाहेर भाऊजींनी पाटी लावली: ‘कुत्रा जेवला आहे. तो नाही म्हणेल. विश्वास ठेवू नये.’ पहिला आठवडा नियम पाळला गेला. दुसऱ्या आठवड्यात भाच्याने आपला वाटा आजींना एका वडापावच्या बोलीवर विकला. वाटा हस्तांतरणीय आहे का, हा प्रश्न ताईकडे गेला. तिने होय असा निवाडा दिला, कारण तिलाही भाचीचा घ्यायचा होता. महिनाअखेर आजींकडे पाचातले तीन वाटे जमा झाले होते, सगळे रीतसर, फळ्यावर नोंद करून. बंडूचं वजन तसूभर हललं नाही.

अर्थापत्ती पुन्हा लावावी लागली. खुणा बरोबर, पोळ्या बरोबर, मग वजन का उतरत नाही? शोध घेतला तेव्हा कळलं की आजी बंडूची पोळी आता वेगळी लाटतात. ती पोळपाटावर मावत नाही, म्हणून ओट्यावर लाटतात. तव्यावर चारी बाजूंनी लोंबते आणि हलक्या हाताने फिरवून भाजावी लागते. ठरावात पोळीचा व्यास लिहिलेला नव्हता. कौटिल्याने प्रस्थ म्हटलं आणि तांदूळ की भात हे मोघम ठेवलं, तीच चूक. दुरुस्तीचा ठराव येत्या रविवारी मांडायचा आहे. आजींची हरकत नाही. फक्त त्या दिवशी पुरणाच्या करायच्या म्हणतात.